गळाची नोंदवही

कोल्हापूर हे रश्श्याचे गाव. इथे माशाचा विषय काढला की लोक कोकणाकडे बोट दाखवतात. पण रविवारी सकाळी पंचगंगेवरच्या कुठल्याही बंधाऱ्यावर जा. भिंतीवर पाय सोडून, नजर पाण्यावर लावून चार-पाच मंडळी बसलेली दिसतील. घरून निघताना बाजाराला जातो म्हणून सांगितलेले असते. कणकेचा गोळा, डब्यात गांडुळे, वेताची नाहीतर बांबूची काठी, एवढ्यावर ही सुट्टी साजरी होते.

साहेबाची सुट्टी वेगळी होती. तो रजा काढून, तंबू आणि खानसामा घेऊन नदीवर महिना महिना मुक्काम ठोकायचा, तो महाशीरासाठी. एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर १८७३ मध्ये जाडजूड पुस्तकच लिहिले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेनने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महाशीर काढला. पुढे कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गलिबोरे इथे छावण्या उभ्या राहिल्या आणि परदेशी पाहुणे येऊ लागले. तिथला रिवाज असा, की मासा पकडायचा, मोजायचा आणि परत सोडायचा. आमच्या बंधाऱ्यावरच्या मंडळींना हे सांगितले तर ती माझ्या प्रकृतीची चौकशी करतील!

या महाशीराशी आपले नाते मात्र जुने आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने १८३९ मध्ये मांडली आणि नावे ठेवताना मराठी मुलखातली बोली उचलली. आपला शिंगाळा त्याच्यामुळेच लॅटिनमध्ये ‘सीनघाला’ होऊन बसला. दख्खनी महाशीराचे ‘खुद्री’ हे नावही त्याचेच. महाडजवळ वाळण कोंडीत काळ नदीच्या डोहातले महाशीर देवीचे म्हणून राखलेले आहेत. तिथे गळ टाकायची कुणाची छाती नाही.

धरणांनी आणि सुरुंगांनी हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला त्याची पैदास सुरू केली. १९७० नंतर तिथली पिल्ले देशभर गेली, कावेरीतही गेली. हेतू निर्मळ होता. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, तिथल्या महाविक्रमांचा धनी. आपला पाहुणा तिथे वाढत गेला आणि घरचा मालक दिसेनासा झाला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत गेला.

हे कळले कसे, ते मला एका जुन्या बँकवाल्याला फार आवडले. गलिबोरेच्या छावणीत रोजची नोंदवही ठेवलेली होती. १९९८ ते २०१२ या काळातले साडेतेवीस हजारांहून अधिक तास आणि सहा हजारांवर मासे. संशोधकांनी ती पाने उलटून २०१५ मध्ये हिशेब मांडला. शासनाच्या कुठल्या दप्तरात नसलेली गोष्ट हौशी लोकांच्या वहीत निघाली. अभयारण्याच्या नियमांमुळे तिथली गळाची मासेमारी बंद झाली, तशी ही खतावणीही थांबली. नियम चांगल्यासाठीच होता. तरी चुटपुट लागते.

आमच्याकडे अशी वही कुठे आहे? जलाशयातला मासा बहुधा मच्छीमार सोसायटीच्या ठेक्याचा. त्यांचे कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. जाळी, होडी, कटला-रोहूची बोटुकली, सगळे रकाने भरलेले. पण तलावात आधी कोणता मासा होता, याला रकाना नव्हता. पंचगंगेला तर वालीच नाही. शहराचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी बंधाऱ्यांमागे तुंबते, त्यातला प्राणवायू संपतो आणि शिरोळकडे तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो. दोन दिवस बातमी, पंचनामा, पाण्याचे नमुने. कोणते मासे मेले, ते कुणी लिहून ठेवत नाही. मग पुढच्या वर्षी काय उरले, हे कशाशी ताडून पाहायचे?

वाम, मरळ, शिंगाळा कुठे लागतो आणि नुसती चिलापीच कुठे लागते, हे बंधाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असते. म्हणून मी एकाला दोनशे पानी वही नेऊन दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली.

“आन् दिवसभर बसून कायच गावलं न्हाई, तर काय लिवायचं ओ?”

त्या दिवसाची तर नोंद हवीच, मी म्हटले. तारीख, बंधाऱ्याचे नाव, किती तास बसला ते, आणि पुढे शून्य.