पाळ, धान आणि मंडई

भंडारा जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा अंबागडच्या किल्ल्यापासून किंवा पवनीपासून सुरुवात करतो. पवनीचा मान मोठाच आहे. 1969-70 च्या उत्खननात तिथल्या जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप निघाला आणि वैनगंगेकाठच्या या तालुक्याच्या गावाचे वय एकदम दोन हजार वर्षांपलीकडे गेले. इ. स. 1100 च्या रतनपूरच्या शिलालेखात ‘भानारा’ हे नाव येते, लीळाचरित्रात निळभट्ट भांडारेकार भेटतात. हे सारे आपल्या जागी ठीक. पण या मुलखातल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी काय उभे केले असे कोणी विचारले, तर मी त्याला तलावाच्या पाळीवर नेईन. इथले दंडार हे लोकनाट्य, गायगोधनाचा सण आणि मंडईची जत्रा कळायची तर वाट तिथूनच जाते.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, पाऊस कमी नाही. अडचण वेगळी आहे. तो येतो तो तीन-साडेतीन महिन्यांत, आणि धान लोंबीवर येते तेव्हा नेमका दडी मारतो. त्या शेवटच्या पाण्यासाठी तलाव. ते बांधले प्रामुख्याने कोहळी समाजाने. चांद्याच्या गोंड राजाने कोहळ्यांना बनारसकडून आणवले आणि जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन दिली, अशी परंपरा सांगतात. बनारसचे राहू द्या. जमिनीची अट मात्र फार शहाणपणाची होती. तलाव फुटला की बांधणाऱ्याचेच पीक जाणार, मग पाळ कच्ची कोण ठेवील?

मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडूम, जादा पाणी निघून जायची सलंग आणि खाली बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या वाफ्यांपर्यंत, गेलेले पाट. एवढाच सरंजाम. गावात पाणकर असे. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी धरायचे हे तो ठरवी. वरच्या तलावाचे सलंगीचे पाणी खालच्या बोडीत म्हणजे लहान तळ्यात, तिचे आणखी खालच्या बोडीत, अशी माळच्या माळ उतारावर ओवलेली असे. या सगळ्यात थोरला नवेगावबांध. इंग्रजी गॅझेटिअरने त्याचा घेर 17 मैल नोंदवला आणि कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे म्हटले. लोकांनी पुढची पायरी गाठली: कोलू पाटलाचा कोलासूर देव केला आणि भोवतालच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणून त्याच्या मदतीला धाडले. स्थापत्य करणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारा प्रदेश मला तरी दुसरा आठवत नाही. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध तिकडे गेला. कोलासुराला या वाटणीचे सोयरसुतक नसावे.

आता दिनदर्शिका पाहा. आषाढ-श्रावणात रोवणी, आश्विनात तलावाचे पाणी. हलके धान दिवाळीच्या आसपास कापून होते, भारी धान अजून बांधीत उभे असते. मध्ये जी थोडी उसंत मिळते आणि हातात पहिले धान येते, त्या फटीत मंडई बसते. बलिप्रतिपदेला गायगोधन होते. गावाबाहेर गुरे जमतात त्या आखरावर शेणाचे गोधन मांडतात, रंगवलेली, गोंडे-घुंगरू बांधलेली जनावरे त्यावरून नेतात आणि वर्षभर गावाची गुरे राखणारे गोवारी त्या दिवशी गावाचे मानकरी होतात. डफावर नाच होतो, घरोघरून धान्य-पैशांची बिदागी मिळते. महाराष्ट्राला हा समाज माहीत झाला तो मात्र 23 नोव्हेंबर 1994 च्या नागपुरातल्या चेंगराचेंगरीमुळे; विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात 114 जण गेले. त्यांची ढाल फार थोड्यांनी पाहिली आहे. ढाल म्हणजे कापड आणि मोरपिसे बांधलेला उंच बांबू. तीच देवी. ती नाचवत मंडईत आणतात तेव्हा भजी-जिलेबीच्या कढयांभोवतीची गर्दी आपसूक वाट करून देते.

मंडईचा दिवस गावोगाव वेगळा. आज या गावाची, परवा शेजारच्या गावाची. कारण सरळ आहे: पाहुण्यांना दोन्हीकडे जाता यावे. लेकी माहेरी येतात, उपवर मुलामुलींची विचारपूस होते, सोयरिकी जुळतात. दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत. दंडारीत बायकांची सोंगे पुरुषच घ्यायचे, आणि सकाळी तोच ‘राणी’ झालेला गडी विळा घेऊन बांधीवर दिसायचा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्य घातले. झाडीबोलीची साहित्य संमेलनेही त्यांच्याच खटपटीने उभी राहिली. ते नसते तर विद्यापीठांना ही सगळी रात्र गाढ झोपेत गेली असती.

लोककला जपायची म्हणजे मंचावर आणायची, असा एक समज आहे. स्लोव्हाकियात ताट्रा पर्वताच्या पायथ्याशी विखोदना नावाच्या गावी 1953 पासून लोककलांचा मोठा महोत्सव भरतो. धनगरांची फुजारा ही माणसाएवढ्या उंचीची बासरी तिथे हजारोंसमोर वाजते. युनेस्कोनेही तिची दखल घेतली. उत्तमच आहे. पण मेंढरांमागे वाजणारी बासरी आणि मंचावरची बासरी यांचे श्रोते वेगळे. मंडईला अजून तरी आयोजकाने तारीख द्यावी लागत नाही. ती धान देते.

धक्का बसला तो तलावांना. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली आणि 1951 मध्ये त्यांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. तिच्याबरोबर पाणकर आणि दरवर्षी पाळीवर माती टाकायची रीतही गेली, हे कोणी हिशेबात धरले नाही. सरकारी कागदांत ते ‘मामा तलाव’ झाले, म्हणजे माजी मालगुजारी. शंभर हेक्टरपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर. कित्येकांत गाळ साचला आणि बेशरम ही वनस्पती माजली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सोबतीने काही तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे परतू लागले. नुसता गाळ उपसून तलाव जिवंत होत नाही हे ढिवरांना आधीपासून ठाऊक होते. विचारले उशिरा एवढेच.

दंडारीची पुढची पिढी म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. तिचे केंद्र आज गडचिरोलीतले वडसा. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तिचा पत्ता शोधला. ही नाटके तिकीट लावून रात्रभर चालतात आणि त्यांची गाठ शंकरपटाशी, म्हणजे बैलांच्या शर्यतींशी, बांधलेली आहे: दिवसा पट, रात्री नाटक. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या तेव्हा पटाला जमणारी गर्दी गेली आणि नाटकाची तिकीटविक्रीही अडचणीत आली. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर पट पुन्हा धावू लागले.

सध्या नवे कोडे आहे ते उन्हाळी धानाचे आणि कापणी यंत्राचे. यंत्र बांधीत शिरले की आठवड्याचे काम काही तासांत उरकते, फट मोठी होते, पण ती भरायला गावात तरुण राहत नाहीत. ते नागपूर-हैदराबादला कामावर. म्हणून काही मंडया रविवार पाहून ठरू लागल्या आहेत, सुटीवर आलेल्यांना सोमवारी परत जाता यावे म्हणून. आणि कार्तिकात अवकाळी येऊन भारी धान आडवे झाले, तर छापलेली पत्रके बाजूला ठेवून तारीख पुढे ढकलली जाते.