लाकडी बाण की कार्बनचा?

विजयादशमीस गोरखीतील देवघरात शिंदे घराण्याचे शस्त्रपूजन होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरीस स्थिरावली आणि लष्कर वसले. त्या काळी येथे आलेल्या मराठी कुटुंबांतही हा दिवस शस्त्रे, अवजारे व पुस्तके पुजून साजरा होतो. या पूजेत धनुष्यबाण क्वचितच असतो. मुलांच्या हाती मात्र तो अलीकडे पुन्हा दिसू लागला आहे.

त्याचे कारण उघड आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे ही दोघे कंपाउंड धनुष्याच्या जागतिक स्पर्धेत अजिंक्य ठरली. आपल्या मध्य प्रदेशातील जबलपूरच्या मुस्कान किरार हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळविले. असे यश पाहिले की पालकांस उत्साह येतो आणि शाळेत बांबूच्या धनुष्यावर सराव करणाऱ्या मुलासाठी ते एकच प्रश्न विचारू लागतात : याला कार्बनचे बाण घेऊन द्यावेत काय?

बाण कशाचा असावा हा प्रश्न फार जुना आहे. संस्कृतात ‘शर’ म्हणजे एक प्रकारचा बोरू आणि ‘शर’ म्हणजेच बाण. ज्या वनस्पतीची काडी वापरली, तिचेच नाव शस्त्रास मिळाले. सबंध लोखंडी बाणास मात्र ‘नाराच’ असे निराळे नाव होते. म्हणजे काडीचा बाण व धातूचा बाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्या पूर्वजांच्या भाषेनेच नोंदवून ठेवले आहे. कार्बनचा बाण ही त्याच परंपरेतील तिसरी वस्तू होय.

आता या दोहोंतील भेद पाहू. दोरी सुटताच बाण सरळ पुढे जातो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मागून बसलेल्या धक्क्याने तो प्रथम वाकतो, धनुष्याच्या दांड्यास वळसा घालतो आणि मग माशासारखा डुलत डुलत सरळ होतो. हे वाकणे नेमके किती असावे, यावर नेम अवलंबून असतो. बाणाच्या या ताठपणास ‘स्पाइन’ म्हणतात. लाकडी बाणाचा ताठपणा मोजावयाचा तर तो २६ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवतात, मध्यभागी २ पौंडांचे वजन टांगतात आणि तो किती झुकला ते पाहतात. धनुष्य हलके आणि बाण फार ताठ असेल, तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. बाण फार लवचिक असेल, तर उजवीकडे.

कार्बनच्या बाणाचे खरे बळ येथेच आहे. एका संचातील बारा बाण वजनाने व ताठपणाने जवळजवळ सारखे असतात. ते पावसाळ्यात फुगत नाहीत, उन्हाळ्यात वाकत नाहीत. ग्वाल्हेरीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पुढे महिन्या-दीड महिन्यातच हवा ओलसर होते. अशा हवेत लाकडाचा बाण सरळ राखणे हे कष्टाचे काम असते. त्यास वार्निश द्यावे लागते, कोरड्या जागी सपाट ठेवावे लागते आणि वाकल्यास किंचित ऊब देऊन हातांनी सरळ करावे लागते.

मग कार्बनच घ्यावा, असे कोणी म्हणेल. पण येथे वजनाचा विचार आडवा येतो. धनुष्यात साठलेली शक्ती बाण घेऊन जातो. बाण फार हलका असेल तर ती पुरती खर्च होत नाही. उरलेली शक्ती धनुष्याच्या अंगात धक्क्याच्या रूपाने परत येते. बाणाविना दोरी सोडल्याने धनुष्य का मोडते, याचे कारण हेच. बांबूच्या वा लाकडाच्या धनुष्यासाठी ओढीच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन निदान ८ ग्रेन असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. धनुष्य ४० पौंडांचे असल्यास ३२० ग्रेन, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. लाकडी बाण सहजच इतका किंवा याहून जड असतो. कार्बनचा बाण पुष्कळदा हलका भरतो. त्याच्या टोकाशी पितळेचे वजन बसविता येते. परंतु टोक जड झाले की तोच बाण अधिक लवचिकपणे वागतो आणि ताठपणाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. शिवाय हातावरून वा दांड्याच्या बाजूवरून बाण सोडताना प्लास्टिकची पाती अडखळतात. तेथे पक्ष्याचे पीसच हवे, मग काडी कशाचीही असो.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही दोहोंची प्रकृती भिन्न आहे. लाकडी बाण निवडताना त्याच्या रेषा टोकापासून खाचेपर्यंत सरळ धावतात की नाही हे पाहावे. जेथे रेषा तिरपी होऊन काडीच्या बाहेर निघते, तेथेच बाण मोडावयाचा. हा दोष डोळ्यांना दिसतो. कार्बनची चीर दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी लक्ष्यावरून काढलेला बाण दोन्ही टोकांस धरून, तोंडापासून दूर नेऊन हलकेच वाकवावा, फिरवावा आणि करकर ऐकू येते काय ते पाहावे. आवाज आल्यास तो बाण मोडून टाकून द्यावा. असा बाण सुटताना फुटला, तर त्याच्या सुईसारख्या शिलका तळहातात शिरतात. ही तपासणी मुलास शिकविल्याखेरीज कार्बनचा बाण त्याच्या हाती देऊ नये.

आता पालकांचा प्रश्न. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार राष्ट्रीय स्पर्धांत आहे. त्यात बांबूचे धनुष्य आणि लाकडी बाण घेऊन प्रौढ खेळाडू ५० व ३० मीटरवरून नेम धरतात. मूल या प्रकारात उतरणार असेल, तर कार्बनच्या बाणांवरील खर्च वाया जाईल. परदेशातही मैदानी स्पर्धांच्या लाँगबो विभागात लाकडी बाणच चालतो. उलट मूल रिकर्व्ह धनुष्याकडे वळले, तर ७० मीटरवर कार्बनशिवाय निभाव लागणे कठीण. तो खर्च मोठा असतो आणि प्रशिक्षकाने धनुष्याची ओढ व मुलाच्या हाताची लांबी मोजून बाण सुचविल्यावरच करावा. मुलाची उंची वाढताच बाणही बदलावे लागतात.

तोपर्यंत एक साधा उपाय आहे. लाकडी बाणांवर अनुक्रमांक घालावेत आणि प्रत्येक फेरीनंतर कोणता बाण कोठे लागला ते वहीत मांडावे. चौथा बाण दर वेळी डावीकडे जात असेल, तर दोष त्या बाणाचा. सारेच विखुरत असतील, तर दोष हाताचा. ही वही महिनाभर ठेवणाऱ्या मुलास आपले चुकते कोठे हे कळते आणि कार्बनचा बाण घ्यावयाची वेळ आली आहे किंवा नाही, तेही कळते.

राजस्थानातील आहारी समाजाचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच नेम धरण्यास शिकला. १९८७ मध्ये निवडचाचणीत तो पुढे आला आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये आधुनिक धनुष्य घेऊन उभा राहिला. ज्या घरात आज महागडा संच घेण्याची ऐपत नाही, त्या घरातील मुलाने त्यामुळे मागे राहिल्याचे दुःख मानू नये. त्याच्या बांबूच्या धनुष्यास साजेसे सहा सरळ लाकडी बाण त्याला आधी मिळवून द्यावेत, आणि येत्या दसऱ्यास ते पूजेत आवर्जून मांडावेत.