फ्युएल पंप तपासताना बाटली नको, गेज लावा

नागपूर : मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडी झटके देते, गरम झाली की बंद पडते. मग उस्ताद शागीर्दाला सांगतात, “पाइप काढ, बाटली धर, मी चावी फिरवतो.” धार जोरात आली तर पंप ठीक, नाहीतर नवीन टाका! मोमिनपुरा, हसनबाग, ताजबाग भागातली आपली कितीतरी मुलं गॅरेज लाइनमध्ये आहेत, म्हणून आम्ही स्पष्टच लिहितो. ही पद्धत जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्यातून नेमकं काही कळतही नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती दिसत नाही, जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यात साचते. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर चालूच असतो. त्याच्या बटणाची ठिणगीही पुरेशी आहे. शेजारचं वेल्डिंग आणि बिडी तर वेगळीच.

इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधारण 3 ते 4 बार दाब लागतो. उघड्या पाइपमध्ये तो तयारच होत नाही, त्यामुळे कमजोर पंपही छान धार दाखवतो. दाब फक्त गेजवर कळतो.

गाडी मोकळ्या हवेत, इंजिन थंड. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोडावर कापड धरून तो हळू सैल करा, गेज बसवा, नंतरच फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. चावी ऑन केली की पंप एक-दोन सेकंद चालतो. तेवढ्यात गळती नाही ना, ते पाहा, आणि मगच इंजिन सुरू करा. किती पेट्रोल येतं हे मोजायचंच असेल तर गेजच्या ड्रेन पाइपमधून, धातूच्या कॅनमध्ये, 15 सेकंद. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत मात्र इंजिनाकडची लाइन उघडूच नका. तिथला दाब 100 बारच्याही वर असतो.

दाब कमी दिसला म्हणून लगेच पंपाला दोष देऊ नका. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. खराब अर्थिंग किंवा तुंबलेली जाळी असेल तर ग्राहकाचे हजारो रुपये वाचतात. ग्राहकांनीही कायम रिझर्व्हवर गाडी चालवू नये, कारण टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं.

एबीसी पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, आग पसरते. भाजलं तर मात्र 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट अजिबात नको. आगीसाठी 101, ॲम्ब्युलन्ससाठी 108. मोमिनपुऱ्यातून मेयो हॉस्पिटल जवळच आहे.