कृपेचा हिशेब

कृपा हा शब्द आपल्या तोंडात रोज असतो. ‘देवाच्या कृपेने पाऊस वेळेवर आला,’ असे शेतकरी म्हणतो. जुन्या लोकांच्या पत्रात शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’ असे लिहिलेले असे. ख्रिस्ती लोकांच्या तोंडी तर हा शब्द फार येतो. प्रार्थनेत येतो, गीतांत येतो, मुलींच्या नावांतही येतो. पण त्यांचा त्यातला अर्थ जरा वेगळा आहे. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असावा, म्हणून हा धडा.

जे आपण कमावलेले नाही आणि तरी मिळाले, ती कृपा. मजुरी कमावता येते. पैज जिंकली की बक्षीस मिळते. कृपेला आपल्या बाजूने काहीच कारण नसते. कारण असते ते देणाऱ्याच्या मनात. ख्रिस्ती श्रद्धा अशी की, देवाने येशू ख्रिस्ताच्या द्वारे माणसाचे अपराध असेच माफ केले. माणसाने ती माफी विश्वासाने घ्यावयाची.

यावर कोणीतरी लगेच विचारतो, “मास्तर, मग बरंच झालं की! पाप करा आणि माफी घ्या!” हा प्रश्न फार जुना आहे. पौलाने रोम शहरातल्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यातही तो आहे, आणि पौलाने तो साफ धुडकावून लावला आहे. येशूने मात्र याबाबत एक गोष्ट सांगितली. ती मत्तयाच्या पुस्तकात अठराव्या अध्यायात आहे. गोष्ट पैशाची आहे, म्हणून आपण पाटीवर हिशेब मांडूनच ती पाहू.

एका राजाचा एक चाकर होता. त्याच्याकडे राजाचे दहा हजार तलंत येणे होते. तलंत म्हणजे किती? एका तलंतात मजुराची सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी होई. वर्षात तीनशे दिवस काम मिळाले असे धरा. म्हणजे एका तलंतासाठी वीस वर्षे राबावे लागेल. मग दहा हजार तलंतांसाठी? दोन लाख वर्षे! इतके कर्ज कोण फेडणार? राजाने हुकूम सोडला की, याला बायकापोरांसह विकून वसुली करा. चाकर पाया पडला. “सवड द्या, सगळं फेडतो,” म्हणाला. राजाला कळवळा आला. त्याने सवड दिली नाही, सगळे कर्जच सोडून दिले.

चाकर बाहेर पडला. वाटेत त्याचा एक सोबती भेटला. त्याच्याकडे चाकराचे शंभर दिवसांच्या मजुरीइतके येणे होते. म्हणजे चार महिन्यांचे काम. रक्कम काही थोडी नव्हे. गरिबाला ती जडच. पण दोन लाख वर्षे कुठे आणि चार महिने कुठे? या चाकराने सोबत्याची नरडी धरली. तोही पाया पडला, तेच शब्द बोलला. याने ऐकले नाही. त्याला तुरुंगात घातले. राजाला हे कळले, तेव्हा त्याने चाकराला परत बोलावले, आणि पुढे त्याचे काय झाले हे ज्याने त्याने पुस्तकात वाचावे. आता आपल्याला वाचता येते.

येशूचे म्हणणे या गोष्टीत उघड आहे. देवाकडून कृपा मिळाली हे खरे की खोटे, ते पाहायचे असेल तर त्या माणसाच्या देवघेवीकडे पाहावे. त्याची भजने मग ऐकावी.

दुसरी एक गोष्ट द्राक्षमळ्याची आहे. मालकाने सकाळी नाक्यावरून माणसे आणली आणि एक दिवसाची मजुरी ठरवली. नऊला आणखी आणली, दुपारी बाराला आणली, तीनला आणली. पाच वाजता गेला, तेव्हाही काही माणसे उभीच होती. त्यांना कोणी कामाला लावले नव्हते. त्यांनाही नेले. संध्याकाळी मालकाने सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी दिली. सकाळची माणसे कुरकुरली.

आमच्या रात्रीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की भांडण ठरलेले! पुरुष म्हणतात, हा अन्याय आहे. उन्हात राबले ते मूर्ख ठरले. एकदा एक म्हातारी मागे बसली होती. खुरपणीला जाऊन तिचे हात काळे पडलेले. ती म्हणाली, “तासाभराचं काम झालं म्हणून घरी पोरांची भूक तासाभराचीच असती का?” वर्ग गप्प झाला. सकाळच्या लोकांचे काही बुडाले नव्हते. ठरले तेवढे त्यांना मिळालेच होते. रोजगाराच्या कायद्याला ही गोष्ट पुरी पडणार नाही, आणि कमी मजुरी देणाऱ्याने तिचा आधार तर मुळीच घेऊ नये. पण ज्याला कोणी कामाला बोलावले नाही, त्याच्याकडे पाहण्याची नजर तिच्यात आहे.

ही नजर आपल्या महाराष्ट्रात एका बाईने कशी वापरली ते आता सांगतो. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. मुलीला संस्कृत शिकवले ते आईने. पुढे दुष्काळात उपासमार झाली. आईवडील गेले, थोरली बहीण गेली. रमाबाईंचे लग्न झाले, पण १८८२ साली पतीही वारले. पदरी लहान मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या.

का झाल्या, याविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींचे एक घर होते. वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना त्या तिथे सांभाळीत. रमाबाईंना नवल वाटले. अशा बाईला आपल्याकडे कोण दारात उभे करी? इतक्या मायेने यांना का वागवता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. यहुदी लोक शोमरोनी लोकांचा विटाळ मानीत. ही बाई पाच नवऱ्यांची झालेली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आली. येशूने तिच्याकडे पाणी मागितले. त्याने तिला उपदेश केला, पण आधी तिच्या हातचे पाणी मागितले. पाण्यावरून विटाळ मानणाऱ्या देशातल्या बाईला ही गोष्ट किती लागली असेल, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पुढल्या साली ते पुण्याला नेले. मुली प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात मोठा वाद झाला. तो वाद आजही विद्वान लोक करतात. आपण कामाकडे वळू. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला माळरान होते. तिथे विहिरी खणल्या, घरे बांधली. त्या ठिकाणाला नाव दिले मुक्ती. १९०० सालच्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे होती. आंधळ्यांसाठी घर होते. आणि ज्या बायकांना गावाने टाकले होते त्यांच्यासाठी एक वेगळे घर होते. त्या घराचे नाव कृपासदन.

पण तिथे कोणी बसून खात नसे. माग चालत, छापखाना चाले, शेती होई, गाईगुरे होती. रमाबाईंनी सगळे बायबल मराठीत आणले. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम तिथल्या बायकांनी केले. कालपर्यंत ज्यांना अक्षर माहीत नव्हते, त्यांनी! रमाबाई १९२२ साली वारल्या. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

इतके मोठे काम सगळ्यांना कुठून जमणार? घरातले पाहू. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे निराळे, चूल निराळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एक दिवस लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने शिवाशीव सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरी. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आता आपल्यापैकी पुष्कळांना वाचता येईल.

एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. उपासनेत एका भाकरीतला तुकडा सगळे घेतात. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की ख्रिस्ती घरांतही कोण मूळचा कुठला, ही चौकशी होते. नगरकडच्या खेड्यांत आम्ही हे पाहिले आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीत वरचा-खालचा कसा काढता येतो, हे आम्हाला कधी समजले नाही.

द्यायला जवळ काही नाही, असे गरीब माणूस म्हणतो. दूर मिझोराममध्ये ख्रिस्ती बायकांनी १९१० सालापासून एक रीत पाडली आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायचा. दर वेळच्या स्वयंपाकाला. मग मंडळीतल्या बायका घरोघर फिरून तो गोळा करतात, विकतात, आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. रीत सुरू झाली तेव्हा मिझो घरांत पैसा जवळजवळ नव्हता. तांदूळ तेवढा होता.

तांदूळ देणे त्या मानाने सोपे. भांडण सोडणे अवघड. आमच्या शेजारच्या एका वाडीत दोन ख्रिस्ती भावांचा बांधावरून तंटा होता. बोलणे बंद. प्रभुभोजनाच्या रविवारी थोरला रांगेत उभा राहिला आणि पाळी येण्याआधीच निघाला. भावाशी वाकडे असेल तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, अशी येशूची आज्ञा आहे. ती त्याला आठवली असावी. तो धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला. काय बोलणे झाले ते कोणाला कळले नाही. बांधाचा निकाल काही त्या दिवशी लागला नाही. तो पुढे सरकारी मोजणी आली तेव्हा लागला, आणि हातभर जमीन धाकट्याकडे गेली. पण त्याच्या आधी सहा महिने दोघांच्या बायका एकाच विहिरीवर धुणे धूत होत्या.