पर्ल भाषेंतील निर्देशांची पारख

लॅरी वॉल यांच्या पर्ल या संगणक-भाषेंत १९९४ च्या पांचव्या आवृत्तीपासून निर्देश आले. निर्देश म्हणजे वस्तु नव्हे, ती कोठें आहे याची खूण. खूण यादीची कीं हॅशची, हें 'रेफ' सांगतो. यादीस तो 'ॲरे' म्हणतो. परंतु तीच यादी 'ब्लेस' करून एखाद्या क्लासास जोडिली, कीं तो क्लासाचेंच नांव सांगूं लागतो! या भ्रमानें आमच्या आज्ञावलीनें एका इयत्तेचे गुण निमूटपणें गाळिले. पालक विचारावयास आले, तेव्हां कोठें आम्हांस कळलें. अशा वेळीं 'स्केलर::युटिल'मधील 'रेफटाइप'ला विचारावें. तो नांवाखालची मूळ घडण सांगतो. निर्देशच नसेल तर मात्र त्याचें उत्तर रिक्त येतें. म्हणून तुलनेपूर्वीं उत्तर मिळालें कीं नाहीं, हें पाहावें.