प्रत्येक लाल डोळा अभिष्यंद नव्हे

काही वर्षांपूर्वी एक तरुण 'डोळे आले' म्हणून माझ्याकडे आला. केवळ उजवा डोळा लाल होता. अभिष्यंद समजून मी त्रिफळा क्वाथाचा सेक सांगितला. तिसऱ्या दिवशी वेदना वाढल्या, दृष्टी अंधुक झाली. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा परितारिका मागच्या भिंगाला चिकटू लागली होती. निदान होते युव्हिआयटिस. सकाळी कंबर आखडते, असेही त्याने सांगितले होते. त्याचा डोळ्याशी संबंध मी जोडला नव्हता.

परितारिका, सिलिअरी बॉडी आणि रंजितपटल मिळून युव्हिआ हा थर बनतो. त्याचा शोथ म्हणजे हा व्याधी. अभिष्यंदात स्राव, चिपडे किंवा खाज आढळते आणि दृष्टी बहुधा स्वच्छ असते. युव्हिआच्या पुढील भागाच्या तीव्र शोथात लाली बुबुळाभोवती वलयाकार दिसते, वेदना खोलवर असते, प्रकाश सोसत नाही आणि बाहुली आकुंचित होते. मागील भागाच्या शोथात लाली नसतानाही दृष्टी मंदावते. संधिशोथ असलेल्या बालकांत तर डोळा अनेकदा पांढराच राहतो. म्हणून त्यांची नियमित नेत्रतपासणी अत्यावश्यक ठरते.

कारणे अनेक आहेत. कण्याचा संधिशोथ व सारकॉइडोसिस यांप्रमाणेच क्षय, फिरंग, नागिणीचा विषाणू यांचाही शोध घ्यावा लागतो. काही वेळा कारण सापडतही नाही.

पुढील भागाच्या शोथात स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली विस्फारणारे थेंब ही मुख्य चिकित्सा होय. दुसऱ्या थेंबांनी वेदना शमते व परितारिका चिकटणे टळते. जंतुसंसर्ग असल्यास त्यावर स्वतंत्र औषध हवेच. स्टिरॉइड एकाएकी थांबवल्यास शोथ उलटतो. देखरेखीविना चालू ठेवल्यास मोतीबिंदू व काचबिंदू संभवतात. म्हणून रुग्णाचे थेंब आपण परस्पर बंद करू नयेत. हट्टी व्याधीत मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वापरतात. असंसर्गजन्य प्रकारासाठी अ‍ॅडॅलिमुमॅबला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात उपेक्षित अधिमंथाने दृष्टिनाश होण्याची मुदत सांगितली आहे: कफज सात रात्री, वातज सहा, रक्तज पाच, पित्तज तर तत्काळ. युव्हिआयटिस म्हणजेच अधिमंथ असे म्हणता येणार नाही. परंतु नेत्ररोगात दिवस मोजावे लागतात, हा बोध दोन्हीकडे सारखाच आहे.

वेदना, प्रकाश-असहिष्णुता किंवा अंधुक दृष्टी असलेला लाल डोळा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावा. पथ्य, अग्निविचार आणि संधिविकाराची चिकित्सा त्यांच्या सहकार्याने पुढे करता येते. त्या तरुणाची दृष्टी वाचली. माझे तीन दिवस मात्र मी विसरलेलो नाही.