आडतीचा व्यवहार आणि ‘३ सीडी’चे रकाने

करलेखापरीक्षणाचा, म्हणजे टॅक्स ऑडिटचा, अहवाल दाखल करण्याची ३० सप्टेंबरची मुदत राजस्थान आणि कर्नाटक उच्च न्यायालयांच्या निर्देशांनंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि पुढे १० नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाढल्याने अमरावती-अकोल्यातील सनदी लेखापालांना थोडी उसंत मिळाली होती. या निमित्ताने झालेली सारी चर्चा मात्र पोर्टल आणि तारखा यांभोवतीच फिरत राहिली. वऱ्हाडच्या बाजारपेठेपुढचा प्रश्न त्याहून जुना आणि अवघड आहे. आडत दुकानातील व्यवहार जसा घडला तसाच तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरतो का, हा तो प्रश्न होय. कारण पुढचा सारा अहवाल त्या नोंदीवरच उभा राहतो.

१९८४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४४ एबी घालून हे लेखापरीक्षण सक्तीचे केले, तेव्हा व्यापाऱ्यांसाठी उलाढालीची मर्यादा ४० लाख रुपये होती. आज ती १ कोटी असून, रोखीची जमा आणि रोखीचा खर्च हे दोन्ही आपापल्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत असतील, तर ती १० कोटींवर जाते. शेतकऱ्याला रोख चुकारा देणाऱ्या धान्य-कापूस व्यापाऱ्याला ही सवलत सहसा मिळत नाही, आणि म्हणून ‘उलाढाल’ नेमकी कशाला म्हणायचे हा मुद्दा इथे फार महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्येच दिलेले आहे. जो केवळ मध्यस्थ म्हणून दुसऱ्याचा माल विकून देतो आणि आडतीपलीकडे काही कमावत नाही तो कच्चा आडत्या, आणि जो स्वतःच्या जबाबदारीवर सौदा पुरा करतो तो पक्का आडत्या, असा बाजारातला भेद या परिपत्रकाने मान्य केला. पहिल्याची उलाढाल म्हणजे फक्त त्याला मिळालेली आडत, तर दुसऱ्याची उलाढाल म्हणजे विकलेल्या मालाची संपूर्ण किंमत.

समजा, एका दुकानातून वर्षभरात ६ कोटींची सोयाबीन विकली गेली आणि शेकडा २ प्रमाणे १२ लाख रुपये आडत मिळाली. दिवाणजीने शेतकऱ्याचे खाते जमा, खरेदीदाराचे खाते नावे आणि आडत तेवढी उत्पन्नात अशी नोंद केली, तर उलाढाल १२ लाखांची दिसते. पण टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याकडून ‘खरेदी’ आणि खरेदीदाराला ‘विक्री’ अशी दोन व्हाउचरे टाकली, तर नफा-तोटा पत्रकात ६ कोटींची विक्री उभी राहते. सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी सारख्याच तत्परतेने स्वीकारते. त्यातच अनेक आडते खरेदीदाराचे पैसे येण्याआधी स्वतःच्या पैशातून चुकारा करतात आणि बुडिताची जोखीमही अंगावर घेतात, त्यामुळे कच्चे-पक्केपणाची सीमा धूसर होते. अशा वेळी निर्णय करार, हिशेबपट्टी आणि प्रत्यक्ष वहिवाट पाहूनच घ्यावा लागतो, आणि तो माणसालाच घ्यावा लागतो. ज्या प्रदेशात, कारंज्याला, १८८६ साली देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ उभी राहिली, तिथल्या हिशेबात हा भेद पुसला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

रोख खर्चाचा रकाना याहून धोक्याचा आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिली, तर कलम ४० ए(३) नुसार तो खर्च करासाठी नामंजूर होतो. मात्र शेतमालाची रक्कम खुद्द पिकवणाऱ्याला दिली असेल, तर नियम ६ डीडी सूट देतो. खेडा खरेदी करून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीस ही सूट नाही. आता दिवसभराचा चुकारा संध्याकाळी ‘किरकोळ शेतकरी’ या एकाच खात्यावर एकरकमी टाकण्याची सवय पाहावी. ऑडिटच्या वेळी सॉफ्टवेअर १० हजारांवरील रोख रकमांची यादी क्षणात काढून देते, पण त्या यादीतील साडेचार लाखांची एक ओळ वीस शेतकऱ्यांची आहे की एका खेडा व्यापाऱ्याची, हे तिला सांगता येत नाही. ‘३ सीडी’ या विवरणपत्राचे २१(डी) हे कलम तर वह्यांबरोबरच इतर कागदपत्रे तपासून उत्तर मागते. शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, भाव आणि सही असलेली हिशेबपट्टी हा इथला खरा पुरावा असून, तिचा क्रमांक प्रत्येक व्हाउचरच्या तपशिलात त्याच दिवशी पडला पाहिजे. सप्टेंबरात बसून तो शोधणे व्यर्थ आहे.

जिनिंगवाल्यांना ‘३ सीडी’चे कलम ३५ सतावते, कारण तिथे मालाचा नगावार आणि वजनावार हिशेब द्यावा लागतो. कपाशीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते, उरलेल्यात सरकी आणि घट येते. कपाशी क्विंटलमध्ये, रुई १७० किलोच्या गाठींत आणि सौदा खंडीत, अशा तीन मापांचे परस्पर रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच नीट बसवले नाही, तर उताऱ्याची टक्केवारी अशी निघते की कोणत्याही अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतील.

दाखल करण्याची क्रिया त्यामानाने सरळ आहे. लेखापाल विवरणपत्र भरतो, डिजिटल स्वाक्षरीने चढवतो, त्या अहवालासाठी सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून घेतलेला यूडीआयएन हा अठरा अंकी-अक्षरी ओळखक्रमांक जोडतो. त्यानंतर करदात्याने स्वतःच्या खात्यात जाऊन अहवाल स्वीकारल्यावरच तो दाखल झाला असे मानले जाते. मुदत चुकली तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा दंड कलम २७१ बी खाली लागू शकतो.

स्वीकृतीची ही पायरी मालकाला अहवाल वाचण्याची संधी म्हणूनच ठेवलेली आहे, आणि तीच वऱ्हाडात सर्वांत दुर्लक्षित राहते. पोर्टलचा पासवर्ड सल्लागाराच्या कार्यालयात ठेवलेला असतो, ओटीपी फोनवरून सांगितला जातो आणि मालकाच्या नावाने स्वीकृती दुसराच कोणी देऊन टाकतो. मुदत संपण्यापूर्वी आडत्याने निदान उलाढालीचा आकडा, २१(डी) आणि ३५ ही कलमे आपल्या दिवाणजीला शेजारी बसवून, हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा समोर ठेवून वाचावीत, आणि शंका असेल तर स्वीकृती न देता अहवाल परत पाठवावा. नाकारण्याचा पर्याय पोर्टलवर त्याच पानावर आहे.